शून्य नंबरचा चष्मा

भेटीच्या खोलीतली काच अठरा मिलिमीटर जाडीची असावी. कडेला ती हिरवट दिसायची. समोर बसून पाहिलं तर पलीकडचा माणूस जिथल्या तिथे असायचा. पण बाकाच्या टोकाला बसून तिरकं पाहिलं, की तो साधारण अर्धा सेंटीमीटर बाजूला सरकायचा. खरा माणूस एकीकडे आणि दिसणारा जरासा दुसरीकडे. अकरा वर्षं ती या बाकावर येऊन बसत होती, आणि जागा मिळाली तर टोकालाच बसत होती.

"ताई, मधे बस की," पलीकडून भाऊ म्हणाला. आवाज काचेखालच्या जाळीतून येई, त्यामुळे तो ओठांतून न येता छातीतून आल्यासारखा वाटे. "तुझ्याकडे बघून बघून माझी मान वाकडी होईल."

"तुझी मान सरळ कधी होती?"

"तेही खरंच. आणि मानेची काळजी आपण कशाला करायची? सरकारने घेतलीय ती."

दोघं हसली. भिंतीला टेकून उभा असलेला शिपाईही किंचित हसला आणि मग त्याने घड्याळ पाहिलं.

भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी लहान. टोळीत त्याला खिळ्या म्हणत, कारण तो अंगाने बारीक होता आणि सांगितलेल्या जागी घुसून बसायचा. वेश बदलून टोळीत शिरलेल्या दोन पोलिसांच्या खुनाबद्दल त्याला फाशीची शिक्षा झाली होती. अपिलं संपली होती. आता दयेच्या अर्जावर एका मंडळापुढे सुनावणी होणार होती, गुरुवारी, आणि त्यानंतर काही नव्हतं.

"आई कशी आहे?"

"गुडघा धरलाय. बाकी ठीक. नवा रेडिओ घेतलाय, दिवसभर त्याच्याशी भांडते."

"बरं झालं. मी इथे आल्यापासून तिला कोणीतरी हवंच होतं."

"गुरुवारी मंडळ एकच गोष्ट विचारेल," ती म्हणाली. "वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलंय. ते दोघं पोलीस आहेत हे तुला कोणी सांगितलं, एवढं बोललास तर फाशीची जन्मठेप होऊ शकते."

"माहितीये."

"मग?"

"मग काय? इतकी वर्षं मूग गिळून बसलो, आता कशाला ओकू?" त्याने शिपायाकडे पाहिलं आणि जाळीजवळ वाकला. "आणि तूसुद्धा. शेवटचं सांगतो. तू तिथे तोंड उघडलंस, तर मी म्हणेन बाईचं डोकं फिरलंय. आणि त्यानंतर मला भेटायला यायचं नाही. मला बहीण नव्हतीच असं समजेन."

टोकाला बसल्यामुळे त्याचे डोळे तिच्या डोळ्यांना नीट भिडत नव्हते. ते तिला बरं वाटलं, असंही नाही. वाटणं असं काही राहिलंच नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग ओठ जागेवर असतो पण बोट लावलं तर दुसऱ्याच कोणाचा लागतो, तसं तिचं अकरा वर्षं चाललं होतं.

"वेळ झाली," शिपाई म्हणाला.

"चल," भाऊ उठला. "आईला सांग, रेडिओला पण बोलू देत जा मधूनमधून."

*

कोर्टाच्या निकालात होतं ते असं. ते दोन पोलीस बंदुकांचे गिऱ्हाईक बनून वर्षभर टोळीत वावरले होते. टोळी शीतगृहाच्या मागच्या गोदामात जमायची. नवी गिऱ्हाइकं पारखून घ्यायचं काम खिळ्याचं. एका दुपारी खिळ्याने टोळीच्या मुख्याला सांगितलं, "आतून खबर आलीय. दोघंही पोलीस आहेत." दुसऱ्या दिवशी ते दोघं सौद्याला आले तेव्हा गोदामाचं दार आतून लावून घेतलं गेलं. दोन्ही गोळ्या खिळ्याने झाडल्या. टोळीतलाच एक जण पुढे माफीचा साक्षीदार झाला आणि त्याने हे सगळं सांगितलं, 'आतून' या शब्दासकट. त्या शब्दामुळे पोलीस खात्यात शोध सुरू झाला. या दोघांची फाइल ज्या कारकुनाच्या कपाटात होती, त्याच्यावर संशय आला. शाबीत काही झालं नाही, पण नोकरी गेली, पेन्शन गेलं, आणि माणसं जायची तशी गेली.

आतून काहीच आलं नव्हतं. टोळीच्या मुख्यासमोर 'बहिणीने जेवताना सांगितलं' असं म्हणणं खिळ्याला शक्य नव्हतं. म्हणून त्याने तो शब्द वापरला.

ती तेव्हाही चष्म्याच्या दुकानात होती आणि आजही होती. कॉलेजात दोन वर्षं भौतिकशास्त्र शिकली, वडील गेल्यावर ते सुटलं, आणि प्रकाशाबद्दल जे काही शिकली होती ते मागच्या खोलीत काचा घासण्याच्या कामी आलं. मालकाचा एक नियम होता. कोणताही चष्मा, मग तो नुसता स्क्रू बसवायला आलेला का असेना, यंत्राखाली धरून त्याचा नंबर कार्डावर लिहून घेतल्याशिवाय परत द्यायचा नाही. मालक म्हणायचे, "आज स्क्रू सैल झालाय, उद्या नंबर वाढेल. तेव्हा तो माणूस शेजारच्या दुकानात गेला तर आपण काय स्क्रू मोजत बसायचं?"

त्या दोघांतला एक जण एका दुपारी दुकानात आला होता. तपकिरी फ्रेम, चांगल्यातली. डाव्या काडीचा स्क्रू पडला होता आणि तिथे निळा दोरा बांधला होता. तिने स्क्रू बसवला. त्याचा डावा कान उजव्यापेक्षा तीन मिलिमीटर वर होता, त्यामुळे चष्मा कलायचा. तिने काडी गरम करून तेवढी वाकवून दिली. मग नियमाप्रमाणे चष्मा यंत्राखाली धरला. यंत्रातल्या रेषा शून्यावरच लख्ख दिसत होत्या. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने माहितीच्या नंबरची एक काच ठेवून पाहिली. यंत्र बरोबर होतं. तिने चष्मा पुन्हा ठेवला. उजवा शून्य. डावा शून्य.

"साहेब, याला नंबरच नाही," ती म्हणाली.

तो अर्धा क्षण थांबला. मग हसला.

"होता हो. ऑपरेशन करून घालवला. पण बायकोने लग्नाआधी मला चष्म्यातच बघितलेलं. चष्मा काढून घरी गेलो तर म्हणते, हा कोण परका माणूस आत आला? म्हणून घालतो बापडा. संसार टिकवायला माणूस काय काय करतो."

तिला तो माणूस आवडला होता. दुकानात येणारी माणसं बहुधा कुरकुर करत येतात, त्यात हा वेगळा. म्हणून घरी जेवताना तिने ती गंमत सांगितली. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. भाऊही हसला. मग त्याने विचारलं, "दोरा कुठल्या रंगाचा म्हणालीस?"

"निळा."

"डावीकडे?"

"डावीकडे."

"आणि नंबर अगदीच नाही? थोडासुद्धा?"

"पावसुद्धा नाही. दोनदा मोजला मी."

"दोनदा मोजला," भाऊ आईकडे बघून म्हणाला. "आपल्या ताईचं काम म्हणजे चोख." आणि त्याने आणखी भात वाढून घेतला.

तो माणूस टोळीत सगळ्यांना सांगत असे, की चष्म्याशिवाय मला समोर उभा असलेला हत्तीही दिसत नाही. एकदा कोणीतरी गमतीने त्याचा चष्मा लपवला, तर तो दारावर आपटला होता. हे तिला पुष्कळ नंतर, खटल्यात कळलं. जेवताना तिला माहीत नव्हतं. भाऊ काय करतो हे घरात साधारण ठाऊक होतं, पण 'गोदामात कामाला आहे' एवढ्यावर तिघं थांबत असत.

चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन फोटो आले. एकात चष्मा नव्हता. चेहऱ्यावरून ती फसली असती. डावा कान तीन मिलिमीटर वर होता.

भाऊ पकडला गेला त्या दिवशी दारातून निघताना एवढंच म्हणाला होता, "आपण तिघं जेवत होतो तेव्हा आपण हवेबद्दल बोललो. कळलं ना?" आई म्हणाली, कळलं. ती काही म्हणाली नाही, आणि काही न म्हणणं हाच होकार ठरला. पहिल्या वर्षी तिने ठरवलं होतं, खटला उभा राहिला की सांगू. मग ठरवलं, अपिलात सांगू. मग पुढच्या अपिलात. दर खेपेला भाऊ काचेमागून मान हलवायचा आणि तिचं सांगणं पुढच्या तारखेवर जायचं. आता पुढची तारीख उरली नव्हती.

*

सोमवारी वकीलबाईंनी निकालाच्या सहा प्रती मागितल्या. कोर्टाबाहेर झेरॉक्सची पाच दुकानं होती. ती नेहमीप्रमाणे तिसऱ्यात गेली. ते दुकान त्या कारकुनाचं होतं. सगळे त्याला काका म्हणत, वकीलही आणि आरोपीही.

"सहा?" काकांनी गठ्ठा हातात तोलला. "दोनशे बारा पानं आहेत, बाई. मशीन म्हणेल, आता मला पेन्शन द्या. मी त्याला म्हणणार, आधी माझी सोय बघू दे."

"संध्याकाळपर्यंत झालं तरी चालेल."

"चालेल कशाला, पळेल. बसा."

ती स्टुलावर बसली. मशीनमधून हिरवट उजेडाची पट्टी इकडून तिकडे जात होती. काका पान क्रमांक बघायला कागद पूर्ण हात लांब करून धरत होते. पासष्ट सेंटीमीटर, तिने मनात म्हटलं. दोन नंबर लागेल, कदाचित सव्वादोन.

एकशे एक्केचाळिसावं पान अडकलं. काकांनी झाकण उघडून ते अलगद ओढून काढलं, सरळ केलं आणि लांब धरलं.

"हे बघा. नेमकं माझंच पान. मशीनलासुद्धा ओळख पटलीय." त्यांनी वाचलं, "'पोलीस खात्यातील अज्ञात कर्मचाऱ्याकडून.' अज्ञात म्हणे. अख्ख्या शहराला ज्ञात आहे, आणि कोर्टाला तेवढा अज्ञात."

तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"तुम्ही बहीण ना त्याची?" काका तितक्याच सहज म्हणाले. "दचकू नका. भेटीच्या अर्जाला लागणाऱ्या ओळखपत्राच्या प्रती तुम्ही माझ्याकडेच काढता. नाव काय मला वाचता येत नाही होय? लांब धरलं की येतं."

"हो. बहीण."

"दुसरं कोणी असतं तर शेजारच्या दुकानात गेलं असतं. तोंड चुकवून."

"तुमचं मशीन चांगलं आहे."

"मशीन?" काका हसले. "या ओळीतलं सगळ्यात रडकं मशीन आहे हे." त्यांनी पान पुन्हा ठेवलं. उजेड गेला आणि आला. "एक विचारू? रागावू नका. तुम्ही त्याला कधी विचारलंत का, कोण होता तो सांगणारा?"

तिने मशीनमधल्या उजेडाकडे पाहिलं.

"मला त्याचं काही करायचं नाहीये," काका म्हणाले. "आता या वयात कुणाच्या अंगावर जाणार? लेकीच्या सासरी अजून मला आत बोलवत नाहीत, ओटीवर चहा देतात. ठीक आहे, चहा तरी देतात. पण मला त्याला एकदा बघायचंय. माझ्या नावावर शिव्या जमा होताहेत आणि तो कुठेतरी आरामात बसलाय. कसा दिसतो, एवढं बघू दे. बसतो कसा, चहा कसा पितो."

ती त्यांच्यापासून दीड हातावर स्टुलावर बसली होती. पाय जोडून, पिशवी मांडीवर.

"तुम्हाला जवळचा चष्मा लागेल," ती म्हणाली. "दोनचा. आमच्या दुकानात या, करून देते."

"वाचायचं काय राहिलंय आता?" काकांनी पुढचं पान उचललं. "पण येईन. तुम्ही बोलावलंत म्हणून येईन."

*

कार्ड तिच्याकडे होतं. दुकानातली सात वर्षांपूर्वीची कार्डं रद्दीत देतात. चार वर्षांपूर्वी तो गठ्ठा निघाला तेव्हा तिने त्यातून एक काढून घेतलं आणि काचांच्या रिकाम्या डबीत, कपड्यांच्या खाली ठेवलं. मंगळवारी दुकानातून आल्यावर तिने ते टेबलावर काढलं. तारीख, तपकिरी फ्रेम, डावा स्क्रू, उजवा शून्य, डावा शून्य. खाली तिची सही. मालकांना बॉलपेन खपत नसे, सगळं शाईच्या पेनाने लिहायचं.

आई भांडी घासत होती. रेडिओवर कोणीतरी शेअर बाजाराबद्दल बोलत होतं आणि आई त्याला म्हणत होती, "तुला एवढं कळतं तर तू इथे काय बडबडत बसलायस?" मग हात पुसायला ती वळली आणि तिला टेबल दिसलं. तिने रेडिओ बंद केला.

"ते काय आहे?"

"कार्ड. दुकानातलं."

आईला विचारावं लागलं नाही. ती लंगडत जवळ आली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"कशाला काढलंस बाहेर?"

"नुसतं बघत होते."

"मीही खूप बघितलंय नुसतं. नुसतं बघणाऱ्याचे हात असे टेबलावर नसतात." आई बसली. "हे बघ. मी दोन मुलं जन्माला घातली. एकाला सरकार घेऊन गेलं. घेऊ दे, त्याने केलंच तसं. त्याला मी पाठीशी घालत नाही, त्या दोघांनाही कोणी आई असेल. पण दुसरी मी देणार नाही. इतकी वर्षं पुरावा लपवला म्हणून तुला आत टाकतील, दुकान जाईल, रस्त्यात लोक थुंकतील. आणि एवढं होऊन काय? गेलेले उठून बसतील?"

"नाही."

"मग?"

"कोर्टाबाहेर एक काका आहेत. त्यांच्यावर—"

"असू देत. जगात काका काय कमी आहेत?"

आईने असंच म्हणायला हवं होतं. तिच्या जागी तीही असंच म्हणाली असती. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"आणि त्याचा विचार कर," आई आता हळू बोलत होती. "आयुष्यभर त्याने वाईटच केलं. शेजाऱ्याच्या सायकलपासून सुरुवात. एकच गोष्ट माणसासारखी केली, तुझ्यासाठी तोंड शिवून घेतलं. त्याच्यापाशी तेवढंच आहे. तेही तू काढून घेणार? मग तो कशाच्या आधाराने जाईल?"

हे मात्र तिने स्वतःशी याआधी असं मांडलेलं नव्हतं. तिने ते डोक्यात एकदा उलटंसुलटं करून पाहिलं. बरोबर होतं. ती बोलली तर कदाचित त्याचा जीव वाचेल. पण ज्याच्या जोरावर तो काचेमागे विनोद करत होता, ते संपेल. आणि जीव वाचेलच, असं वकीलबाईसुद्धा म्हणत नव्हत्या. तो वाचावा असं आपल्याला वाटतं का, हे तिने स्वतःला विचारलं. दोन माणसांवर त्याने हाताने गोळ्या झाडल्या होत्या, आणि लहानपणी त्याचं पाऊल भाजलं तेव्हा तो महिनाभर तिच्या कडेवर होता. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हींची मिळून काही बेरीज होत नव्हती.

आईने कार्ड उचललं. ती ते वाचत नव्हती, तिला ते चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. ती उठली, मोरीपाशी गेली आणि भांड्यांच्या पाण्यात ते बुडवून धरलं.

"आई."

"मीसुद्धा हसले होते त्या दिवशी," आई म्हणाली. तिची पाठ इकडे होती. "ठसका लागेपर्यंत. तुला वाटतं मी विसरले?"

शाई कागदातून निघायला फार वेळ लागत नाही. आधी ती कडेने पसरली, मग पाण्यात निळसर धूर झाला, मग पाणी साबणाच्याच रंगाचं दिसू लागलं. आईने कागदाचा लगदा पिळला आणि खरकट्यात टाकला. उरलेली ताटं तिने घासली, हिने विसळली. दोघींनी जेवणं केली. आईने रेडिओ पुन्हा लावला.

अंथरुणावर पडल्यावर तिने मनात पाहिलं, की कार्ड गेल्याने काय बदललं. आता दाखवायला काही नव्हतं. कोणी पत्रावरून, नोंदीवरून, सहीवरून आपणहून तिच्यापर्यंत पोहोचेल, ही शक्यता संपली होती. इतकी वर्षं ती बहुतेक त्याचीच वाट पाहत होती, हे तिला आता कळलं.

*

सुनावणीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, तीन माणसं. मधे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, पांढऱ्या मिश्यांचे. त्यांना सर्दी झाली होती. बाजूला एक डॉक्टर आणि एक तुरुंग अधिकारी. भाऊ दोन शिपायांच्या मधे बसला होता, हात पुढे बांधलेले. मधे काच नसलेल्या खोलीत तिने त्याला पुष्कळ वर्षांनी पाहिलं. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. काचेतून ते राखी दिसायचे.

पहिल्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. चष्मा घालणाऱ्या पोलिसाची बायको. त्या प्रत्येक तारखेला येत आणि कोणाशी बोलत नसत. आजही पर्स मांडीवर घेऊन सरळ बसल्या होत्या.

"दोन मिनिटं बोला, जास्त नको," वकीलबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "आई म्हातारी, गुडघा, घरात कमावणारी तुम्ही एकट्या. रडू आलं तर आवरू नका. त्यांना ते चालतं."

"मला रडू येत नाही."

"मग निदान कागदाकडे बघून वाचा. तसंही चालतं."

अध्यक्षांनी नाक पुसलं आणि कागद पुढे ओढले.

"मी एकच विचारतो, कारण बाकी सगळं विचारून झालेलं आहे. तुम्हाला पोलीस खात्यातल्या कोणी सांगितलं? ते नाव दिलंत तर आम्ही तुमच्या बाजूने विचार करू शकतो. नाही दिलंत तर आमच्या हातात काही उरत नाही. समजतंय?"

"समजतंय, साहेब," भाऊ म्हणाला.

"मग?"

"आठवत नाही."

"दोन माणसं मारलेली आठवतात?"

"ती आठवतात."

पहिल्या रांगेतल्या बाईंनी पर्सवरचा हात बदलला. तुरुंग अधिकाऱ्याने काहीतरी लिहिलं, एकच शब्द असावा, आणि खाली रेघ मारली.

"कुटुंबातर्फे?" अध्यक्ष म्हणाले.

"बहीण बोलतील," वकीलबाई म्हणाल्या.

ती उठली. टेबलासमोर तीन पावलांवर एक लाकडी कठडा होता. तिथे उभं राहून तिने कागद उलगडला. "माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे," तिने वाचलं. "तिचा उजवा गुडघा—"

ती थांबली. पुढची ओळ कागदावर होती, अक्षरं स्पष्ट होती. अध्यक्ष वाट पाहत होते. तिने भावाकडे पाहिलं. त्याने मान एकदाच, डावीकडून उजवीकडे हलवली, जशी तो अकरा वर्षं हलवत आला होता. या वेळी मधे काही नसल्यामुळे तो जिथे होता तिथेच दिसत होता.

तिने कागदाची घडी घातली. मग आणखी एक घडी.

"साहेब, नाव मी देते," ती म्हणाली.

"ताई," भाऊ म्हणाला. "खाली बस."

"शांत राहा," अध्यक्ष त्याला म्हणाले.

"साहेब, ऐकू नका तिचं. बाईचं डोकं फिरलंय. आधीपासूनच आहे, घरात सगळ्यांना माहितीये." तो उठायला लागला आणि शिपायांनी त्याच्या खांद्यांवर हात ठेवले. "ताई, मी सांगितलं होतं तुला. मला बहीण नाही. ऐकतेयस? नाही मला बहीण."

"ऐकतेय," ती म्हणाली.

वकीलबाई अर्ध्या उठल्या होत्या. अध्यक्षांनी हाताने त्यांना बसवलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"बोला. सावकाश बोला."

तिने कठड्यावर दोन्ही हात ठेवले. लाकूड गार होतं, हे तिला लागलं. तळव्यांना, आणि मग मनगटांपर्यंत.

"पोलिसांमधल्या कोणीही काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "ज्या कारकुनाला तुम्ही काढलंत, त्यांचा यात काही संबंध नाही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. मेलेल्या दोघांपैकी एक जण चष्मा दुरुस्त करायला आले होते. मी त्याचा नंबर मोजला. नंबर नव्हता. ते मी घरी जाऊन जेवताना सांगितलं, याला आणि आईला, गंमत म्हणून. काय होईल ते मला तेव्हा माहीत नव्हतं. चार दिवसांनी माहीत झालं, आणि त्यानंतर अकरा वर्षं मी बोलले नाही. ते सांगणारं माणूस मी आहे. लिहून घ्या, साहेब. मी सांगितलं."